किराण्याचं खातं कमी कसं करावं? तूर घरची, दाळ मात्र दुकानाची

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी.

परवा कापूस विकला. पैसे हाती आले की आधी दुकानाचं खातं मिटवायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. दुकानदाराने वही उघडली, पोळ्यापासूनची बेरीज मारली, १८,४०० रुपये. म्हटलं पुन्हा एकदा मारा. पुन्हा तेवढेच.

भांडायला जागा नव्हती. माल आम्हीच नेलेला, कधी मी, कधी पोरगं, कधी आई. मग त्या पानांचे मोबाइलवर फोटो काढले आणि दोन संध्याकाळ बायको आणि मी कोऱ्या वहीत एकेक ओळ उतरवत बसलो. तेलाच्या नोंदी ६१, सगळ्या पाव नाहीतर अर्ध्या किलोच्या. तुरीची दाळ २२ किलो. पोरांच्या चिप्स-बिस्किटांच्या पुड्या ११४० रुपयांच्या. याचा मला सगळ्यात जास्त राग आला, तर बायको म्हणे, त्यातल्या निम्म्या तुम्हीच आणल्या आहेत.

दाळीचा आकडा ऐकून आई एवढंच म्हणाली, "तूर आपल्याच वावरात होते नं रे?"

होते. मागच्या साली चार क्विंटल झाली होती. सोसायटीचं कर्ज होतं, काढल्याच्या तिसऱ्या दिवशी सगळी विकली. जूनपासून दाळ दुकानातून. यंदाची तूर आत्ता घरात पोत्यात आहे, म्हणून विचारतो.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातले. घरात पाच माणसं. भाजी आठवडी बाजारातून, बाकी सगळं गावातल्या दुकानातून खात्यावर. कुठे कापता येईल ते सांगा. मॉलमध्ये जा म्हणू नका, आमच्या गावात एसटी येते तेच पुष्कळ.

वऱ्हाडी_पुण्यात

भाऊ, मी तर मॉलच म्हणणार होतो :) महिन्याची यादी करून एकदाच जायचं, ॲपवर कूपन बघायचं...

बुड्डा_वऱ्हाडी

कूपन! आमच्या इथं मोबाइलले रेंज घ्याले पाण्याच्या टाकीवर चढा लागते बाप्पा. तिथं चढून का बाप्पा तेलाचं कूपन पाहू?

वऱ्हाडी_पुण्यात

बरं काका, माघार. पण एक गोष्ट गावातही चालते. पाकिटावर एमआरपीजवळ आता प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो भाव छापलेला असतो. बारीक अक्षरात असतो, पण असतो. मोठं पाकीट स्वस्तच असेल असं समजू नका. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, चहापत्तीचं उलटं. आणि पाच रुपयांच्या पुड्याची किंमत तशीच ठेवून आतलं वजन कमी करतात, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

मुंगना

पऱ्हाटी भाऊ, तुमच्या ६१ नोंदींवर बोलते. मी चांदूर बाजारकडची.

आमच्याकडे निंदायला येणारी एक बाई रोज परत जाताना दुकानातून वीस रुपयांचं तेल नेते. औषधाची जुनी बाटली, दुकानदार मापाने ओततो, भाव विचारायचा प्रश्नच नाही. एक दिवस मी तिची बाटली आमच्या काट्यावर ठेवली (पापडाचं पीठ मोजायला घेतलेला छोटा काटा आहे). रिकामी बाटली आधी मोजली, मग भरलेली. तेल भरलं ११० ग्रॅम. म्हणजे किलोला १८० रुपयांच्या वर. त्याच आठवड्यात त्याच दुकानात पाव किलो ४२ ला होतं, म्हणजे किलोला १६८. एक लिटरची पिशवी १४२. अन् पिपा (तेलाचा मोठा डबा) घेतला तर १४६ रुपये किलो.

पिशवी पिप्यापेक्षा स्वस्त दिसली ना? नाही. पिशवी लिटरची आहे, पिपा किलोचा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. १४२ ला ९१० ग्रॅम म्हणजे किलोला १५६.

तेल तेच, गाव तेच, चार भाव. आणि सगळ्यात महाग भाव सगळ्यात गरीब बाई देते. तिच्याकडे पिप्याचे दोन हजार एकदम नसतात म्हणून.

हिशोबी

लिटर-किलोवरून आठवलं. पिप्यातही हीच गंमत आहे. दुकानात दोन पिपे शेजारी असतात, एक २०५० ला, एक २१९० ला. माणूस २०५० वाला उचलतो. त्यावर १५ लिटर लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १५ किलो. १५ लिटर म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. भागाकार करा, "स्वस्त" पिपा किलोला १५० पडला, महाग दिसणारा १४६.

मी स्वतः दोन वर्षं लिटरवाला नेत होतो. आणि बी.कॉम. आहे.

पऱ्हाटी

मुंगनाताई, हे वाचून बायको उठून घरातला पिपा बघून आली. दिवाळीला एकच आणला होता. १५ लिटरचा.

कोपऱ्यावरचं_दुकान

मी किराणा दुकानवालाच आहे, वर्धा जिल्ह्यातला. माझी बाजूही ऐका.

होलसेलवाला मला १५ दिवसांची मुदत देतो. गिऱ्हाइकाला मी कापूस येईपर्यंत देतो. चार-सहा महिने माझे पैसे वहीत अडकतात, काहींचे कायमचे. पीक गेलं त्या साली मी कोणाच्या दारात जाऊन बसणार? म्हणून खात्यावरचा भाव वेगळा असतो. पाटीवर लिहीत कोणी नाही, पण असतो. दाळ नगदी १२४, खात्यावर १३४. साखरेला दोन-तीन रुपये, तेलाला पाच-सात.

एक सांगतो, माझंच नुकसान करून. दुकानात आल्यावर "नगदी भाव काय?" असं विचारा. हा शब्द वापरा. दुकानदाराला कळतं की या माणसाला दोन भाव माहीत आहेत. सगळं खातं बंद करणं जमत नसेल तर निदान तेल, दाळ आणि साखर नगदी घ्या. हळद, मीठ, काडीपेटी राहू द्या वहीत, त्यात काही जात नाही.

दुसरं, तांदूळ. २५ किलोपर्यंतच्या छापील पिशवीवर २०२२ पासून पाच टक्के जीएसटी आहे. त्याच्यावरच्या वजनाला नाही. म्हणून तर २६ किलोचे आणि ३० किलोचे कट्टे निघाले. उघड्या पोत्यातून तोलून दिलेल्यालाही नाही. दोन घरं मिळून एक ३० चा कट्टा घ्या आणि वाटून घ्या.

हिशोबी

दादा, प्रामाणिक प्रतिसाद. पण मग पोळ्याला १२४ ची दाळ १३४ ला देणं म्हणजे सहा महिन्यांना आठ टक्के. वर्षाला सोळा. बँकेचं पीककर्ज याहून किती तरी स्वस्त आहे.

कोपऱ्यावरचं_दुकान

बँक रात्री आठ वाजता साबुदाणा देते का?

बुड्डा_वऱ्हाडी

हे मातर खरं बोलला लेकाचा.

आंबाडी

आमचा बचत गट आहे, सरकारच्या उमेद अभियानातला, दहा बायांचा. दोन वर्षांपासून किराणा एकत्र आणतो. सुरुवातीला फसलो, ते आधी सांगते.

पहिल्या महिन्यात सगळंच आणायचं ठरवलं. कोणाला हा साबण, कोणाला तो, कोणाला पोहे जाड, कोणाला पातळ. वाटायला अख्खा दिवस गेला, दोघींचं बोलणं बंद झालं, अन् अर्धा किलो बडीशेप कोणाची ते आजवर कळलं नाही. आता फक्त पाच वस्तू: तेल, साखर, तांदूळ, चणाडाळ, फल्लीदाणे (शेंगदाणे). यात कोणाच्या आवडी-निवडी नसतात. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे जमा, नाही दिले तिचं नाव त्या महिन्याला नाही. उधारी गटात आणली की गट मोडला समजा.

आणायला दोघी जातो. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून जातो आम्हीच, माणसं नाही. (माणसं गेली की तालुक्याला चहा-नाश्ता-खर्रा धरून सगळी बचत तिथेच संपते.) येताना माल मोठा असेल तर गावातल्या कोणाच्या तरी मालवाहू गाडीत टाकून देतो, कापूस घेऊन गेलेली गाडी रिकामीच परत येते.

धानपट्टा

इकडे भंडाऱ्याकडे तुरीची नाही, तांदळाची तीच कथा. धान विकायचा आणि दिवाळीनंतर तांदूळ विकत आणायचा, असे लोक आहेत. आम्ही वर्षाचा धान ढोलीत ठेवतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी लागेल तेवढाच कांडून आणतो. क्विंटल धानाला ६५ किलोच्या आसपास तांदूळ पडतो. गावच्या गिरणीत कोंडा सोडला तर कांडणीचे पैसे बरेचदा मागत नाहीत. पण ज्याच्याकडे गाय आहे त्याने कोंडा सोडू नये, पैसे द्यावे.

धान टिकतो, तांदळाला लवकर कीड लागते, हा फायदा वेगळा. कणकी निघते ती सकाळच्या आंबिलीला.

पऱ्हाटी

आता मुद्द्यावर येतो. घरची तूर भरडून दाळ केली तर खरंच परवडतं का? आई म्हणते जात्यावर करू. तिचं वय ७१, जात्याचा खुंटा गेल्या दहा वर्षांत कोणी धरला नाही.

मुंगना

जात्यावर चुरी फार होते भाऊ. जवळ पीकेव्ही मिनी दाल मिल आहे का बघा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने काढलेली, बऱ्याच गावांत बचत गटांकडे नाहीतर एखाद्या शेतकऱ्याकडे असते. दाळ त्याच दिवशी हातात मिळेल असं समजून मात्र जाऊ नका. आधी तूर एकदा रोलरमधून काढतात, टरफलाला ओरखडे पडायला. मग तेलाचा हात लावून ठेवायची, पाणी मारायचं, रात्रभर पोत्याखाली दडपायची, आणि मग दोन-तीन दिवस कडक ऊन. ते ऊन तुम्हीच द्यायचं असतं, गच्चीवर नाहीतर खळ्यात. ऊन कमी पडलं तर टरफल सुटत नाही आणि दाणा फुटतो. म्हणून हे काम आत्ता, फेब्रुवारी-मार्चमध्येच. पावसाळ्यात नाव काढू नका.

हिशोबी

थांबा, आधी आकडे मांडू. क्विंटलभर तूर, जागेवर ७००० भाव धरला. भरडाई किलोला आठ म्हणजे ८००. नेण्या-आणण्याचे १५०. झाले ७९५०. दाळ निघेल ७० किलोच्या आसपास, मिल चांगली असेल तर एखाद-दोन किलो जास्त. चुनी-चुरी (टरफलं अन् बारीक तुकडे) १४ किलो धरा, २५ ने ३५० वजा. ७६०० भागिले ७१ किलो, १०७ रुपये किलो.

दुकानाची नगदी दाळ १२४. किलोमागे १७ वाचले. घरी वर्षाला ४० किलो लागत असेल तर ६८० रुपये. यासाठी तीन दिवस ऊन राखत बसायचं, कोंबड्या हाकलायच्या, मिलच्या दोन चकरा. मला विचाराल तर परवडत नाही.

आंबाडी

हिशोबी भाऊ, पऱ्हाटी भाऊंची दाळ नगदीत येतच नाही, खात्यावर येते. १३४ चा भाव धरा. २७ रुपये वाचले, हजाराच्या वर गेले. आणि मेहनतीचं म्हणाल तर मार्चमध्ये कापूस वेचून झालेला, हात रिकामेच असतात.

हिशोबी

मान्य. तरी हजारच.

मुंगना

चवीचे किती धरले? दुकानाच्या पिवळ्याधमक पॉलिश दाळीला शिजताना जो वास येत नाही, तो येतो घरच्या दाळीला. वरण ढवळायच्या आधीच कळतं.

बुड्डा_वऱ्हाडी

अन् बट्ट्यांसंगं थे वरण खाल्लं का हिशोबी भाऊ कॅल्क्युलेटर फेकून देते.

धानपट्टा

वर्षभराची दाळ ठेवताना किडीचं काय करता? आम्ही तर पोत्यात ती गोळी टाकतो, सल्फासची. काही होत नाही.

मुंगना

काही होत नाही?? अहो, त्या गोळीतून विषारी वायू निघतो, बंद खोलीत माणसं गेली आहेत त्याने. गोदामाची गोष्ट आहे ती, झोपायच्या घरातली नाही. आजच काढा.

दाळीला कडक ऊन द्यायचं, पूर्ण निवू द्यायची, मग एरंडेलाचा हात. दहा किलोला चार-पाच चमचे, तळहाताला लावून दाळ चोळायची, चकाकी आली की थांबायचं. कोरड्या कोठीत, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. ओला पाला टाकला तर बुरशी येते, ही चूक मी केली आहे. गहूही असाच. शिजवायच्या आधी दाळ गरम पाण्याने धुतली की एरंडेल जातं.

कोपऱ्यावरचं_दुकान

वर्षाचं भरायचंच असेल तर वेळा सांगतो, यात कूपनपेक्षा जास्त वाचतं. मिरची आत्ता, फेब्रुवारी-मार्च, भिवापूरकडची नवी येते तेव्हा. गहू एप्रिलमध्ये. लसूण मार्च-एप्रिल, वेणी बांधून टांगायचा. कांदा उन्हाळी घ्या, एप्रिल-मेचा, पावसाळी कांदा टिकत नाही. चणाडाळ नवा हरभरा आला की. साखर अन् चहा मात्र भरून ठेवू नका, काही फायदा नाही, वर मुंग्या.

पऱ्हाटी

आणि भाजी?

बुड्डा_वऱ्हाडी

भाजी इकत कायले आणता? सांडपाणी जाते थ्या जागी दोन वांगे, चार टमाटरं, सांबार (कोथिंबीर) टाका. कुंपणावर वालाच्या शेंगा. मुंगन्याचं (शेवग्याचं) एक झाड लावा, तिसऱ्या सालापासून शेंगा वाटत फिरान गावभर. अन् उन्हाळ्यात बायाईले खारोड्या, सरगुंडे, मुगवड्या करू द्या. पावसात भाजी साठ रुपये किलो झाली का मुगवडीची भाजी अन् भाकर. आलन (कालवलेलं बेसन) टाकलेली भाजी तं पावभर पालकात पाच माणसं जेवते. आमच्या मायनं आम्हाले यायच्यावरच मोठं केलं.

बाजारात जाच लागलं तं दिवे लागल्यावर जा, बाजार उठाच्या टायमाले. माल वापस न्याले गाडीभाडं लागते, म्हणून टाकून देते भाव. पण टमाटरं उचलून पाहा, खालचे नरम असते.

आंबाडी

रेशनचं कोणी बोललं नाही. आमच्या गावात फुकटचा तांदूळ दहा-बारा रुपयांनी गाडीवाल्याला विकतात आणि दुकानातून ४५ चा घेतात, कारण तो "चांगला" शिजतो. एक तर ते बेकायदा. वरून तोटा. तोच तांदूळ दळून धिरडे, पापड, चकल्या होतात, डोश्याला तर उत्तम.

पऱ्हाटी भाऊ, तुमचं केशरी कार्ड असेल तर यवतमाळ त्या १४ जिल्ह्यांत येतं जिथे केशरीवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यात पैसे येतात. माणशी महिन्याला १५० होते, नंतर १७० झाले. पाच माणसांचे ८५०. तुमच्या घरी येतात का ते बघा. बऱ्याच घरांत येतात पण कोणाच्या खात्यात ते घरच्या बाईलाच माहीत नसतं.

पऱ्हाटी

आईच्या खात्यात येतात. आजच विचारलं तर म्हणाली, "तुले कायले सांगू, तू खर्चून टाकतं."

*(अठरा दिवसांनी)*

पऱ्हाटी

मंडळी, सांगायला आलो.

दीड क्विंटल तूर ठेवली, बाकी विकली. शेजारच्या दोन घरांनीही त्यांची टाकली, त्यामुळे गाडीभाडं तिघांत गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ आलं. ताडपत्री आणायला धावलो, तोवर आईने घरातल्या सगळ्या सतरंज्या, दोन गोधड्या आणि माझं लग्नातलं धोतर टाकून तूर झाकली होती. पाऊस पडलाच नाही. एक दिवस जास्त ऊन द्यावं लागलं.

दाळ पडली १०२ किलो, क्विंटलला ६८. हिशोबींच्या आकड्यापेक्षा तीन कमी. मिलवाला म्हणाला, पोत्यात बारीक दाणा जास्त होता, शिवाय घरची चाळणी फाटकी. ती खरंच फाटकी आहे. भरडाई तुम्ही धरली तेवढीच. ४० किलो घराला, २० बहिणीला, बाकीची ४२ किलो गावातच ११८ ने गेली, दोन दिवसांत, मी कोणाला विचारायला गेलो नाही. बायकोने त्या पैशातून १५ किलोचा पिपा नगदी आणला. दुकानात काट्यावर ठेवायला लावला, डब्याचं वजन वजा करून. दुकानदार हसत होता.

हिशोबी

४२ किलो ११८ ने? म्हणजे ४९५६. तेवढीच तूर विकली असती तर... थांबा, ४२ ला ६८ ने भागा, ६२ किलो तूर, ४३४० रुपये. भरडाई ४९६. फायदा १२० रुपये, गाडीभाडं वेगळंच.

पऱ्हाटी

चुनी धरली नाही तुम्ही.

हिशोबी

बरोबर, राहिली. कितीला दिली?

पऱ्हाटी

दिली नाही. आईने कोठीत कुलूप लावून ठेवली आहे, तिच्या बकऱ्यांना.